चौकट ओलांडताना

गुडघ्याची वाटी बदलून घेतलेल्या माणसाला विमानतळावर एक जागा अशी भेटते, की जिथे त्याचे पाऊल आपोआप अडखळते. ओळखपत्र दाखवून झालेले असते, मोठे सामान पट्ट्यावरून निघून गेलेले असते, हातात बोर्डिंग पास आणि काठी एवढेच उरलेले असते. समोर दाराच्या चौकटीसारखी एक राखाडी कमान उभी असते. तिला दार नाही, आजूबाजूला भिंत नाही. तिच्यातून माणसे भराभर पलीकडे जात असतात. आपल्याला मात्र ठाऊक असते, की आपण गेलो की ती ओरडणार.

ही जागा फार मोठी नाही. हातातली पर्स ट्रेमध्ये ठेवण्यापासून पलीकडे आपली काठी पुन्हा हाती येईपर्यंत फार तर वीस-पंचवीस पावले. आपल्याकडे चारधामपासून युरोपपर्यंत सगळ्या प्रवासांची वर्णने लिहिली जातात, या पंचवीस पावलांविषयी कोणी लिहीत नाही. माझ्या वयाच्या कितीतरी स्नेह्यांनी मुलाकडे, बहिणीकडे जाणे केवळ यापायी लांबणीवर टाकलेले मी पाहिले आहे. कारण विचारले की ते थंडीचे नाव सांगतात, तिकिटाच्या दराचे सांगतात. मीही तसेच सांगत होते. म्हणून आज आपल्याला हाताला धरून त्या जागेतून नेण्याचा विचार आहे. आपल्याबरोबर मुलगा, सून, मुलगी किंवा सेवेसाठी ठेवलेली ताई येणार असेल, तर हे त्यांनाही वाचायला द्यावे. तिथली सर्वांत मोठी चूक बहुधा त्यांच्या हातून होते, आणि तीही प्रेमापोटी.

माझे दोन्ही गुडघे बदलले तेव्हा मी ६८ वर्षांची होते. सहा महिन्यांनी एका लग्नासाठी विमानाने जाण्याचा योग आला. विमानतळ कोणता ते सांगत नाही. तसे कुठेही घडू शकले असते. रांग मोठी होती. सून म्हणाली, “आई, तुम्ही सावकाश या. मी पुढे होऊन बॅगा घेते, नाहीतर गोंधळ होईल.” ती गेली. काठी ट्रेबरोबर यंत्रात गेली. मी अनवाणी, हाताला आधार नाही अशी चौकटीतून पलीकडे पाऊल टाकले आणि दोन्ही बाजूंचे दिवे लाल झाले.

“रॉड है क्या?” तेथील महिला जवानाने विचारले.

मी “नहीं” म्हणाले. मी खोटे बोलले नव्हते. रॉड म्हणजे हाड मोडल्यावर आत घालतात ती सळई, एवढे मला माहीत होते. माझी तर वाटी बदललेली होती. पण त्या मुलीच्या हातातील शोधक माझ्या दोन्ही गुडघ्यांवर लागोपाठ किंचाळला आणि तिच्या चेहऱ्यावरचा भाव बदलला. आता मी तिच्या दृष्टीने काहीतरी लपवणारी बाई होते. पडद्याच्या खोलीत मला एका लाकडी पायरीवर चढायला सांगितले. पायरी असेल वीतभर उंच, पण आधाराशिवाय ती डोंगराएवढी वाटते. मग साडी वर घेऊन व्रण दाखवावा लागला. पडदा पुरता ओढलेला नव्हता. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या कोणा मुलाची नजर आत आली आणि त्याने ती चटकन वळवली. त्याने ती वळवली, हेच मला जास्त लागले. पुढचा सगळा प्रवास मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. खाली काय होते ते आठवत नाही.

त्यानंतर अकरा महिने मी विमानात पाऊल टाकले नाही. माझी थोरली बहीण, अक्का, बेंगळुरूला असते. ती दर रविवारी फोनवर विचारायची, “केव्हा येतेस?” पुण्याहून बेंगळुरू विमानाने दीड तासावर. आगगाडीने जायचे तर उद्यान एक्सप्रेसमध्ये वीसेक तास, आणि त्या वीस तासांत डब्याच्या टोकाशी असलेल्या, हलत्या स्वच्छतागृहापर्यंत नव्या गुडघ्यांनी किती वेळा जायचे, हा प्रश्न. मी म्हणायची, “पावसाळा होऊ दे.” पावसाळा झाला, दिवाळी झाली. मार्गशीर्षात अक्का न्हाणीघरात पडली. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करून आत सळई घातली. त्या दिवशी मी पुण्यात होते. भाचीने फोनवर सांगितले, भूल उतरल्यावर तिने पहिल्यांदा माझे नाव घेतले होते.

आपण विचाराल, जायचे तर होतेच ना, मग भीती कशी गेली? भीती गेली नाही. मी त्या जागेची माहिती करून घेतली, एवढेच. ती माहिती आता आपल्यासमोर ठेवते.

आधी त्या चौकटीविषयी. तिच्या दोन्ही खांबांमध्ये तारांची वेटोळी असतात. त्यांतून क्षणाक्षणाला सौम्य चुंबकीय स्पंद सोडले जातात. त्या क्षेत्रात धातू आला, की धातूत विजेचे बारीकसे भोवरे उठतात आणि त्यांच्यामुळे क्षेत्रात पडलेला फरक चौकटीला कळतो. ती केवळ लोखंड ओळखते असे नाही. वीज वाहून नेणारा कोणताही धातू पुरेशा आकाराचा असेल तर तिला जाणवतो. गुडघ्याच्या सांध्यात वरचा भाग बहुधा कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचा असतो, खालचा टायटॅनियमचा किंवा त्याच मिश्रधातूचा, आणि मध्ये एक टणक प्लास्टिकची गादी. दोन्ही गुडघ्यांचे मिळून हे ओझे थोडेथोडके नसते. मग चौकटीने ओरडावे यात नवल काय! तरीही तोच गुडघा एका विमानतळावर वाजतो आणि दुसऱ्या ठिकाणी वाजत नाही, कारण चौकटीची संवेदनक्षमता कमी-अधिक ठेवता येते. म्हणून “मागच्या वेळी वाजले नव्हते” हे वाक्य तिथे उपयोगाचे नाही.

एक गैरसमज मात्र मनातून काढून टाका. त्या चौकटीत क्ष-किरण नसतात. क्ष-किरण असतात ते आपल्या बॅगा जातात त्या यंत्रात. चौकटीमुळे बसवलेला सांधा सैल होत नाही, तापत नाही, त्याची जागा हलत नाही. माझ्या एका मैत्रिणीने या भीतीपायी पाच वर्षे विमान टाळले होते.

या यंत्राचा जन्मही मोठा चमत्कारिक आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. ती शरीरात नेमकी कुठे अडकली आहे हे डॉक्टरांना उमगेना. तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी धातू हुडकणारे एक विद्युत उपकरण जुळवून आणले आणि ते रुग्णाच्या अंगावरून फिरवले. गोळी काही सापडली नाही; पलंगातील पोलादी स्प्रिंगांनी उपकरणाचा गोंधळ उडवला, असे त्याचे एक कारण सांगतात. अध्यक्ष वाचले नाहीत. पण माणसाच्या शरीरातील धातू शोधणे, तेही त्याचा जीव वाचवण्यासाठी, हे या यंत्राच्या घराण्यातील फार जुने काम आहे. चौकटीसमोर उभी राहिले की मला तो पलंग आठवतो आणि किंचित हसू येते.

आता त्या चौकटीपाशी उभ्या असलेल्या माणसांविषयी. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारे आपले विमान पळवून कंदहारला नेण्यात आले, ते दिवस आपल्या पिढीला विसरता येणार नाहीत. त्यानंतर फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात करून देशातील विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यात आली. आज आपल्यापुढे उभा असलेला जवान बिहारचा असेल, मणिपूरचा असेल किंवा साताऱ्याचा. एका पाळीत शेकडो माणसे त्याच्यासमोरून जातात. त्याच्या तोंडच्या “रॉड है क्या?” या प्रश्नात संशय नसतो, शरीरातील धातूला त्याच्याजवळ तेवढा एकच शब्द आहे. वाटी असो, पट्टी असो, स्क्रू असो, सगळे ‘रॉड’. मला हे आधी कोणी सांगितले असते तर!

म्हणून पहिली गोष्ट ही, की चौकट ओरडण्याआधी आपण बोलावे. पाऊल आत टाकण्यापूर्वी, पलीकडच्या जवानाकडे पाहून, स्पष्ट आवाजात एक वाक्य: “दोनों घुटनों का ऑपरेशन हुआ है, अंदर रॉड है।” ते घरी दोन-चार वेळा मोठ्याने म्हणून पाहावे. हसू नका. ऐन वेळी हिंदी सुचत नाही, घसा कोरडा पडतो, आणि मागची माणसे ढकलत असतात. वाजण्याआधी सांगितलेली गोष्ट माहिती ठरते. वाजल्यावर सांगितलेली सबब वाटते.

दुसरी गोष्ट कागदाची. रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेला सारांश, बसवलेल्या सांध्याची माहिती असलेले कार्ड किंवा चिकटपट्ट्या, आणि डॉक्टरांचे दोन ओळींचे पत्र जवळ असू द्यावे. परंतु या कागदाने तपासणीतून सुटका होते, असा समज करून घेऊ नये. भारतात होत नाही, परदेशातही होत नाही. कागद फक्त बोलण्याला आधार देतो. आणि तो कागदच असावा. आमच्या सुनेने क्ष-किरण चित्राचा सुरेख फोटो माझ्या मोबाइलमध्ये घालून दिला होता. प्रत्यक्षात ज्या क्षणी तो दाखवायचा, त्या क्षणी मोबाइल ट्रेमध्ये बसून यंत्राच्या पोटात गेलेला होता! पत्र घडी करून बोर्डिंग पासबरोबर हातातच ठेवा. कागद वाजत नाही.

बाकीचा धातू मात्र घरीच उतरवावा, म्हणजे जे वाजेल ते फक्त गुडघ्याचे असेल. केसांतील जाड पिना, बांगड्यांचा जुडगा, कमरेचा पट्टा, खिशातील नाणी, किल्ल्या, आणि धातूच्या पट्ट्या असलेले गुडघ्याचे आवरण. मंगळसूत्र काढण्याची पाळी सहसा येत नाही. ऐकण्याचे यंत्र काढू नका. ते काढले तर जवान काय सांगतो आहे तेच ऐकू येणार नाही. साडी नेसायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी आता विमानाने जाताना सैल सलवार घालते, जी खालून गुडघ्यापर्यंत सहज सरकते. पंचेचाळीस वर्षे साडीत वावरलेल्या बाईला हे जड गेले, नाही असे नाही.

तिसरी गोष्ट घरच्यांसाठी. आपण पुढे जाऊ नका. बॅगा पट्ट्यावर थांबून राहतात, त्या पळून जात नाहीत. म्हाताऱ्या माणसाला आपल्या पुढे ठेवा, त्यांचे ट्रे आपण भरा, आणि ते चौकट ओलांडून पलीकडे स्थिर उभे राहिले की मगच आपण निघा. पुरुषांची आणि बायकांची रांग वेगळी असल्यास मुलाने आईला एखाद्या स्त्री-प्रवाशाच्या किंवा महिला जवानाच्या नजरेस आणून द्यावे. काठी यंत्रात टाकावी लागते हे खरे, पण “काठीशिवाय मला उभे राहता येत नाही” असे सांगितले, तर बहुतेक ठिकाणी हात दिला जातो किंवा काठी वेगळी तपासून लगेच परत केली जाते. कापडाच्या एका तुकड्याने ती पुसून तो तुकडा यंत्राला दाखवतात. ती स्फोटक द्रव्याचे अंश तपासण्याची रीत आहे. बूट, चाकांची खुर्ची, कृत्रिम पाय यांवरूनही तसाच तुकडा फिरवतात. त्याने घाबरून जाऊ नये.

त्या लाकडी पायरीचेही सांगून ठेवते. त्या पायरीवर चढणे जमत नसेल, तर जमिनीवर उभे राहून तपासा असे म्हणावे. उभे राहणेच कठीण असेल तर खुर्ची मागावी. पडदा पुरता ओढा असे म्हणावे. बायकांची झडती महिला जवानच घेतात आणि ती आडोशालाच होते. कपडा वर करून दाखवण्याची वेळ आलीच, तर ती बंद जागेतच यावी, हे सांगण्याचा संकोच करू नये. मी त्या पहिल्या वेळी यांतले एकही वाक्य उच्चारले नव्हते. मला वाटले होते, इथे बोलायचे नसते.

बोलण्याने काय होते याचे एक उदाहरण आपल्या सर्वांच्या पाहण्यातले आहे. नृत्यांगना आणि अभिनेत्री सुधा चंद्रन यांचा एक पाय १९८१ च्या अपघातानंतर कापावा लागला. जयपूर फूट लावून त्या पुन्हा रंगमंचावर नाचल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी एका ध्वनिचित्रफितीत हात जोडून विनंती केली, की विमानतळावर दर वेळी कृत्रिम पाय काढून दाखवायला लावतात, ते थांबवावे. ती फीत देशभर पाहिली गेली आणि सुरक्षा दलाने जाहीरपणे दिलगिरी व्यक्त केली. ज्यांना गुडघ्याखाली किंवा वर कृत्रिम पाय आहे, त्यांनी तसे आधीच सांगावे आणि तपासणी बंद खोलीत, बसून करावी असा आग्रह धरावा. पाय काढून ठेवल्यावर तोल जाऊन पडण्याचा धोका असतो, आणि या वयात एक पडणे सहा महिने खाते.

आमच्या घरात धातूची आणखी एक वस्तू आहे. यजमानांच्या छातीतील पेसमेकर. त्याचे नियम गुडघ्याहून वेगळे आहेत, आणि येथे थोडे सावध राहायला हवे. चौकटीतून नेहमीच्या चालीने सरळ निघून जावे. आत थांबू नये, खांबाला टेकू नये. एवढ्या क्षणात पेसमेकरला काही होत नाही. हातातील शोधक मात्र छातीवरच्या त्या जागेवर धरून ठेवू देऊ नये, पुन्हा पुन्हा फिरवू देऊ नये. “पेसमेकर है, हाथ से चेक कीजिए” असे म्हणून पेसमेकरचे कार्ड पुढे करावे. हृदयाचे ठोके बिघडल्यास आतून झटका देणारे यंत्र बसवलेले असेल, तर हे अधिकच कटाक्षाने पाळावे. पार्किन्सनच्या विकारासाठी मेंदूत, किंवा दुखण्यासाठी कण्याजवळ उत्तेजक यंत्र बसवलेल्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. त्यांनी चौकट टाळून हाताने तपासणी मागणे बरे. आणि हृदयाच्या रोहिणीत स्टेंट असलेल्यांनी निश्चिंत असावे. ती जाळी इतकी लहान असते, की चौकटीला सहसा तिचा पत्ताच लागत नाही. मोतीबिंदूनंतर बसवलेले भिंग तर धातूचे नसतेच. हा प्रश्न मला दोघांनी विचारला आहे, म्हणून लिहिले.

अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. तेथे बहुतेक ठिकाणी चौकटीऐवजी काचेची एक गोल खोली असते. तिच्यात पावले आखलेल्या जागी ठेवून, हात डोक्याच्या वर धरून काही सेकंद स्थिर उभे राहायचे. तेथे धातू शोधत नाहीत. मिलिमीटर लहरींनी कपड्यांखाली काही दडवलेले आहे का ते पाहतात, आणि पडद्यावर आपले शरीर दिसत नाही, केवळ माणसाची एक साधी आकृती दिसते. याही लहरी क्ष-किरण नव्हेत. गुडघेवाल्यांना हे चौकटीपेक्षा सोयीचे पडते. मात्र ज्यांचा खांदा आखडलेला आहे, त्यांना हात वर धरणे जमत नाही. त्यांनी तसे सांगून हाताने तपासणी मागावी. ती खासगी खोलीत व्हावी आणि सोबत घरचे माणूस असावे, अशी मागणी तेथे करता येते. तेथील वाहतूक सुरक्षा प्रशासनाची मदतवाहिनी आहे. प्रवासाच्या ७२ तास आधी तिच्याकडे कळवावे, असे ते सांगतात. मुलांना हे काम सांगावे, त्यांनाही काहीतरी केल्याचे समाधान मिळते. वाटेत विमान बदलताना पुन्हा तपासणी झाली, तर ती त्या देशाच्या रीतीने होते, एवढे ध्यानात ठेवावे.

चाकांची खुर्ची हवी असेल तर विमान कंपनीला किमान ४८ तास आधी सांगून ठेवावे. पुष्कळांना तिची लाज वाटते. मलाही वाटली होती. पण विमानतळाच्या दारापासून विमानापर्यंतचे अंतर नव्या सांध्यांना सोसवण्यासारखे नसते, आणि खुर्चीतल्या माणसाची तपासणी बसल्या जागी होऊ शकते. शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असेल तर मात्र प्रवासाची घाई नको. सांध्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे काही आठवडे पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. बराच वेळ एका जागी बसून राहिल्याने तो वाढतो. केव्हा निघायचे ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

तर अक्काच्या शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांनी मी लोहगावला उभी होते. जुलै २०२४ पासून तेथे नवे टर्मिनल सुरू झाले आहे. धावपट्टी मात्र हवाई दलाचीच, त्यामुळे बाहेर अधूनमधून लढाऊ विमानांचा गडगडाट. पहाटेचे सव्वापाच. या वेळी सून माझ्या मागे होती. मी सैल सलवार घातलेली, हातात घडी केलेले पत्र, आणि मनात ते वाक्य घोळवत होते, लहानपणी गोष्ट पाठ म्हणायला उभे राहिल्यासारखी.

चौकटीपाशी एक महिला जवान होती, वयाने माझ्या नातीहून फार मोठी नसेल. मी माझे वाक्य म्हटले. जरा जास्तच मोठ्याने म्हटले असावे. शेजारच्या रांगेतील दोघांनी वळून पाहिले. ती म्हणाली, “ठीक है माताजी, आइए,” आणि हात पुढे केला. चौकट ओरडली. तिने दिव्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. आडोशाला नेल्यावर मी पायरीकडे पाहिले, तर तिने ती पायाने बाजूला सारली. शोधक गुडघ्यांवर वाजला, तिने हाताने चाचपून पाहिले, सलवारीची कड घोट्यापासून वर घ्यावी लागली ती चार बोटे. मग तिने पत्र न वाचताच परत दिले आणि विचारले, “दर्द कम हुआ क्या ऑपरेशन से? मेरी माँ डरती है।” आम्ही अर्धे मिनिट तिच्या आईच्या गुडघ्यांविषयी बोललो. मागे रांग होती, तेवढाच वेळ मिळाला.

बेंगळुरूचे नवे टर्मिनल बागेसारखे आहे. बांबूने मढवलेले छत, वरून लोंबणाऱ्या हिरव्या वेली. शहर तेथून फार दूर, गाडीने दीड तास लागला. अक्का पलंगावर बसलेली होती. तिने मला पाहिले आणि पहिले वाक्य बोलली ते असे: “दाखव बघू तुझे गुडघे.” मी सलवार वर सरकवली. तिने व्रणावरून बोट फिरवले, मग आपल्या खुब्याकडे हात नेला आणि म्हणाली, “एक माझाही.”

त्या खेपेला मी महिनाभर राहिले. उन्हाळ्यात डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पुन्हा गेले, ती तिला पुण्याला आणण्यासाठी. रोज संध्याकाळी आम्ही दोघी न्हाणीघराच्या दाराची चौकट ओलांडण्याचा सराव करायचो. मी जवान, ती प्रवासी. ७६ वर्षांची अक्का वॉकर धरून मोठ्या गंभीरपणे उभी राहायची आणि कन्नड वळणाच्या हिंदीत आपले वाक्य म्हणायची. भाची दारात उभी राहून हसायची.

निघण्याच्या दिवशी अक्का चाकांच्या खुर्चीत होती, मी तिच्या पुढे काठी घेऊन. मी चौकटीतून गेले, वाजले, सांगितले. मग खुर्ची बाजूच्या वाटेने आत आली. पडद्याआड आम्हा दोघींना एकत्रच घेतले. महिला जवानाने शोधक माझ्या गुडघ्यांवरून फिरवला, तो दोनदा वाजला. मग ती अक्काकडे वळली आणि तिने विचारले, “रॉड है क्या?”

अक्काने दोन्ही हात लांब पसरले. फुगडीला सज्ज झाल्यासारखे. आणि म्हणाली, “है. मेरा एक. इसका दो.”